गोरं पाणी

कुलूप उघडेना. एजंटने आधी किल्लीला खोबरेल लावलं, मग कुलपात ओतलं, शेवटी परसातून एक दगड शोधून आणला. "मॅडम, चौदा वर्षं बंद आहे ना," तो घाम पुसत म्हणाला, जणू सगळा दोष त्या कुलपाचाच.

मनोरी गावातलं घर. मार्वेच्या जेट्टीवरून बोटीत बसलं की पाच-सात मिनिटांत खाडी ओलांडून होते. पलीकडेही मुंबई महापालिकाच, पण पाय ठेवल्याठेवल्या आवाज बदलतो. मंगलोरी कौलं, पुढे ओटा, मागे परस, दोन आंबे, एक जांभूळ आणि कोपऱ्यात विहीर. म्हातारे मालक वारले, मुलं परदेशी, भाडेकरू ठेवायची कुणाची तयारी नाही. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून मी अशी घरं बघत फिरते आहे. नवरा सोबत येतो तो बहुतेक मला आवरायला.

आम्ही तासभर वर बघत फिरलो. आढं बघितलं, वासे बघितले, कुठून उजेड येतो तिथली फुटकी कौलं मोजली. नवऱ्याने दोन-तीन खांबांवर टकटक करून बघितली. त्यातून त्याला काय कळलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. विहिरीशी जाऊन वाकून पाहिलं, खाली काळं पाणी होतं, त्यात माझं डोकं दिसलं, एवढ्यावर मी खूश. एजंट म्हणाला, "विहीर पण आहे, तिचे वेगळे पैसे नाहीत." आम्ही हसलो.

रात्री मामाला फोन केला. मामा केळशीचा, वय ब्याऐंशी. आयुष्यभर आंबा-सुपारी केली आणि विहिरी उपसल्या. मी कौलांपासून जांभळापर्यंत सगळं सांगितलं.

"विहिरीत बघितलंस का गो?"

"बघितली ना. छान आहे."

"विहीर बघितलीस ते ऐकलं मी. विहिरीत काय आहे ते बघितलंस का? आणि संडासाची टाकी कुठे आहे?"

मला माहीत नव्हतं. घरात संडास होता, फरशी शाबूत होती, फ्लश कोरडा होता. पण ते पुढे कुठे जातं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पन्नाशी उलटलेल्या, कर्जाच्या फायली तपासण्यात हयात गेलेल्या बाईच्या डोक्यात हे येऊ नये, याची लाज वाटली.

कारण शोधायला लांब जायला नको. मी गिरगावातल्या वाडीत वाढले. आमच्या चौकात विहीर होती, पण ती आम्हा पोरांना ठाऊक होती ती लगोरी मांडायची जागा म्हणून. वर सिमेंटचा कट्टा आणि त्यात लोखंडी झाकण. जुन्या मुंबईतल्या अशा कितीतरी विहिरी हिवतापाच्या भीतीने झाकल्या किंवा बुजवल्या गेल्या. डॉ. बेंटली यांनी १९११ साली शहरातल्या हिवतापाचा अहवाल दिला आणि बोट ठेवलं ते विहिरींवरच. हिवतापाचा डास गटारात नाही, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर अजून पुजली जाते, पण ती अपवाद. आम्हाला पाणी म्हणजे पहाटे साडेचारला नळाला येणारी करंगळीएवढी धार. ती कुठल्या तलावातून येते ते भूगोलाच्या पेपरापुरतं पाठ होतं, आणि सांडपाणी कुठे जातं हा प्रश्न तर पेपरातही नव्हता. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याची पाण्याची दोन्ही टोकं महापालिकेच्या हातात असतात. अशा घरात दोन्ही टोकं आपली, आणि तीही एकाच परसात.

पंधरा दिवसांनी मामा आला. मुलाने गाडीने मार्वेपर्यंत सोडलं. बोटीत मामाच्या पिशवीतून सुंभाची दोरी निघाली. हातहातभर अंतरावर गाठी मारलेली, टोकाला पाट्याच्या वरवंट्याचा तुकडा बांधलेला. शेजारची मासेवाली म्हणाली, "बाबा, गरवायला चाल्लाव का?" मामा म्हणाला, "हो, घर गरवायला."

विहिरीपाशी गेल्यावर मामाने दोरी सोडली नाही. आधी नुसता भोवती फिरला. विहिरीभोवतीचा ओटा तडकलेला होता, तडेत पिंपळाचं रोप. कठड्याखालची पहिली सात-आठ फूट चिरेबंदी, तिच्यातला चुना गळून गेलेला, दगडांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी. "हे बघ," तो म्हणाला, "विहिरीत पाणी खालून यायला हवं, बाजूने नव्हे. वरचा पाऊस, कोंबड्यांची घाण, धुण्याचं पाणी, सगळं या फटींतून आत उतरणार. मातीतून गाळून आलं तर पाणी. असं आलं तर गटार." आतल्या दगडांवर शेवाळाच्या रेघा होत्या. सगळ्यात वरची काठापासून चार फुटांवर. पावसाळ्यात पाणी तिथवर येत असणार.

मग दोरी सोडली. दगड पाण्याला लागला तेव्हा मामाने एक गाठ चिमटीत धरली, तळाला लागला तेव्हा दुसरी. तळाला लागला म्हणजे टेकला नाही, रुतला. मामाने दोरी दोन-तीनदा वर-खाली करून बघितली. "दोन फूट गाळ." वर ओढून मोजलं. काठापासून तळ अठ्ठावीस फूट, त्यात पाणी अकरा. विहिरीचा व्यास आठ फूट. मी तिथल्या तिथे मोबाइलवर गुणाकार केला, पंधरा-सोळा हजार लिटर निघाले. म्हणजे आमच्या सोसायटीत येतो तसा दीड टँकर. मुंबईकराला पाण्याचं दुसरं माप कळत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये टँकरवाल्यांनी भूजलाच्या नियमांवरून संप केला, तेव्हा कितीतरी लोकांना पहिल्यांदा कळलं की टँकरमधलं पाणीही कुणाच्या तरी विहिरीचंच असतं.

"पण हा फेब्रुवारी आहे," मामा म्हणाला. "फेब्रुवारीत कुठलीही विहीर चांगलीच दिसते. मुलगी आणि विहीर अवेळी बघावी." मामाची अर्धी म्हण मला पटली. अर्ध्या म्हणीवरून मी त्याच्याशी बोटीत भांडले.

त्या दिवशी एक समजूत सुटली. बंद घर म्हणजे होतं तसं राहिलेलं घर, असं मी धरून चालले होते. ओट्याच्या बाबतीत ते बरंचसं खरं असेल. विहीर मात्र उपसली नाही तर बिघडते. पानं पडतात, कुजतात, गाळ होतो, झऱ्यांची तोंडं बुजतात. रोज शंभर बादल्या काढल्या तर नवं पाणी येतं, चौदा वर्षं एकही काढली नाही तर तेच पाणी बसून राहतं.

परदेशातल्या मुलाने विहीर उपसायला परवानगी दिली आणि निम्मे पैसेही. दुसऱ्या कुणाला विकायचं झालं तरी त्याचा फायदाच होता. टोळी आली मार्चच्या पहिल्या आठवड्यात. मी एकच अट घातली होती, हवा तपासल्याशिवाय माणूस उतरायचा नाही. टोळीचा म्होरक्या हसला, पण ऐकलं. २०२४ साली नेवासे तालुक्यात शेणाच्या काल्याने भरलेल्या पडीक विहिरीत मांजर पडलं, ते काढायला एकामागून एक उतरलेले पाच जण गेले. ती बातमी माझ्या डोक्यातून जात नव्हती. म्होरक्याने कंदील सोडून बघितला, तो विझला नाही. पण कंदील प्राणवायू आहे की नाही तेवढंच सांगतो, विषारी वायूचं सांगत नाही, आणि पेट घेणारा वायू असेल तर कंदीलच घात करतो. म्हणून अर्धा तास पंख्याने पाइपातून हवा सोडली, मग कमरेला दोर बांधून एक पोरगा उतरला. वर तीन माणसं दोर धरून.

गाळातून निघालं ते असं: दोन प्लॅस्टिकचे चेंडू, एक कंगवा, कुणाचा तरी चष्मा, आणि लोखंडी गळ. गळाच्या एका आकड्यात पितळी पोहऱ्याची कडी अडकलेली. म्हणजे पोहरा पडला, काढायला कुणीतरी गळ सोडला, गळाने पोहरा धरलाही, आणि नेमका तेव्हा गळाचाच दोर तुटला. मी तो जोड तसाच ठेवायला सांगितला. नवरा म्हणाला, भंगारवाला येतो. मी ऐकलं नाही.

उपसताना मी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, घेऊन उभी होते. पंप सुरू केला तेव्हा आकडा ४२०. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत ठीक मानतात, दुसरं पाणी नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. दोन तासांनी आकडा १३५०. समुद्राकाठच्या जमिनीत गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय असते तसं. हळूहळू काढलं तर साय मिळते, ओरपलं तर खालचं वर येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी जवळजवळ पहिल्या पातळीला आलं आणि आकडा ५०० च्या आत. म्हणजे झरे चांगले होते, हाव धरायची नव्हती. इथे बागायती करायची स्वप्नं नवऱ्याने परतीच्या बोटीतच सोडून दिली.

आता टाकी. कागदपत्रांत तिचा उल्लेख नव्हता. मालमत्ता पत्रक, कर पावत्या, सगळं वकील मैत्रिणीने बघितलं, ते ठीक होतं, पण जमिनीखाली काय आहे ते कुठल्याच कागदावर नव्हतं. मुलाला व्हिडिओवर विचारलं. तो बराच वेळ आठवत राहिला. "पेरूच्या झाडाखाली," म्हणाला. परसात पेरू नव्हता.

प्लंबर पहार घेऊन जमीन ठोकत निघाला. पाइप भिंतीतून ज्या दिशेने बाहेर पडतो त्या दिशेने, पावलाला एक ठोका. धप्, धप्, धप्. कुंपणापलीकडून आवाज आला, "तिथं नाय. पल्याड. केलीखाली."

शेजारच्या आजी. ऐंशीच्या पुढच्या, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती, अंगावर चौकड्यांचं लुगडं. आमचं सगळं नाटक त्या पहिल्या दिवसापासून बघत होत्या. हे घर बांधलं तेव्हा त्या लग्न होऊन या गावात आल्या होत्या. टाकीवर पाणी लागतं म्हणून मालकीणबाईंनी तिथे केळ लावली, हे त्यांना ठाऊक. केळ केव्हाच वाळून गेली, पण तिची पोरं, म्हणजे तीन-चार रोपटी, गवतात होती. प्लंबरने तिथे पहार मारली आणि आवाज बदलला. ठण्ण.

लादी सरकवली आणि सगळे लांब झालो. तास-दीड तास टाकी उघडी ठेवली, कुणाला विडी ओढू दिली नाही. कुजक्या अंड्याचा वास. प्लंबर म्हणाला, "ताई, वास येतोय तोवर ठीक. वास येता येता बंद झाला, की पळायचं." तो वायू जास्त झाला की नाकच बधिर करतो, हे मी वाचलं होतं. त्याला ते वाचायला लागलं नव्हतं. त्याच्या गावचा एक जण असाच गेला. सुरक्षेच्या साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी आजूबाजूला विचारलं तर "दोन माणसं पाठवतो, करून देतील" असं म्हणणारे निघालेच. आम्ही सक्शनची गाडी कुठवर येऊ शकते ते विचारून ठेवलं.

बॅटरीचा झोत टाकला. टाकी जवळजवळ रिकामी. मी म्हटलं, "चला, बरं झालं, उपसायचा खर्च वाचला."

प्लंबरने माझ्याकडे बघितलं तसं गणिताच्या मास्तरांनी पूर्वी बघितलं होतं. मग त्याने काडीने मातीत चौकोन काढून समजावलं. टाकी म्हणजे खड्डा नव्हे. ती नेहमी भरलेलीच असायला हवी. जड ते तळाला बसतं, हलकं ते वर सायीसारखं धरतं, मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी बाहेरच्या नळीतून शोषखड्ड्यात जातं. आत येईल तेवढंच बाहेर. मग घर बंद झालं तरी पाणी त्या नळीच्या तोंडापर्यंत राहायला पाहिजे. इथे ते चार फूट खाली गेलंय, म्हणजे तळ नाहीतर भिंत फुटलीय. आणि फुटकी टाकी म्हणजे चौदा वर्षांपूर्वी रोजचा सगळा मैला सरळ वाळूत जात होता.

नवऱ्याने टेप काढला. टाकीपासून विहीर चौतीस फूट. भारतीय मानकात शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत किमान १८ मीटर सांगितलेत, म्हणजे जवळजवळ साठ फूट. शिवाय टाकी चढावर आणि विहीर उतारावर, समुद्राच्या बाजूला. जमिनीखालचं पाणीही त्याच बाजूला चालतं.

आम्ही ठरवलं, टाकी बुजवायची, परवानगी मिळवून दुसऱ्या टोकाला नवी बांधायची, तेवढी रक्कम किमतीतून कमी मागायची. हिशेब सोपा वाटत होता. मग पाण्याचा रिपोर्ट आला.

नमुना मी स्वतः नेला होता. लॅबने दिलेली निर्जंतुक बाटली, आतल्या बाजूला हात न लावता भरायची, बर्फात ठेवायची, त्याच दिवशी पोचवायची. बर्फ कुठून आणणार? बोटीतल्या त्याच मासेवालीने थर्माकोलच्या खोक्यात पापलेटांच्या शेजारी जागा दिली. रिपोर्टात जंतू निघाले. विष्ठेतून येणारे ई. कोलाय १०० मिलिलिटरमध्ये एकही नसायला हवेत, इथे होते. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, इथे ६१.

मी रिपोर्ट मामाला वाचून दाखवला. तो गप्प राहिला, मग म्हणाला, "तुमची टाकी चौदा वर्षं बंद आहे ना? मग हे ताजं कुणाचं?"

हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. ते जंतू जमिनीत चौदा वर्षं जगत नाहीत. काही पाखरांचं असेल, फटींतून उतरलेलं असेल. पण कुंपणापलीकडे आजींच्या पुतण्यांनी शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्यात, चार संडास. त्यांची टाकी कुंपणाला लागून. टेप लावायला मी गेले नाही, डोळ्यांनीच मोजलं. पंचवीस फूट, फार तर.

सातबारा असो की मालमत्ता पत्रक, रेघ जमिनीच्या वर काढलेली असते. खाली सगळ्यांचं एकच आहे.

एजंटला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, प्यायला बिसलेरी आणा की. इथे सगळे तेच करतात." त्याचंही चुकत नव्हतं. नळजोडणी परत घेता येईल, पिण्याला ते, विहीर झाडांना आणि धुण्याला. व्यवहार म्हणून हे ठीकच होतं. किंमत उतरली, आमच्या अपेक्षेपेक्षा थोडी जास्तच. पण मी टोकन दिलं नाही. म्हटलं, मे महिन्यात एकदा विहीर बघते.

मधल्या काळात दोनदा गेले तेव्हा आजी बोलावून चहा पाजायच्या. त्यांनीच सांगितलं की त्यांच्या लग्नात उंबराचं पाणी याच विहिरीतून नेलं. आदल्या दिवशी वाजतगाजत बायका विहिरीवर येतात, पाणी भरतात, तो विधी. दोन्ही घरांमध्ये तेव्हा कुंपण नव्हतं. "ह्या बावीचं पानी गोरं हाय," त्या म्हणाल्या. मला आधी वाटलं रंगाने गोरं, म्हणजे स्वच्छ. मग लक्षात आलं, गोडं. अख्ख्या आळीत हीच एक गोडी विहीर, म्हणून शुभकार्याचं पाणी हिचं. त्या हे सांगत होत्या तेव्हा रिपोर्ट माझ्या पर्समध्ये होता. पुतण्याशी मी बोलले. तो ऐकून घेणारा निघाला, टाकी उपसून आतून प्लास्टर करतो म्हणाला, पावसाआधी. करेलही. आजींशी काय बोलायचं ते मला सुचलं नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मी एकटीच गेले. मामाची दोरी माझ्याकडेच होती. पाणी साडेचार फूट. कठड्यापासून खाली एवढं अंतर की तोंड दिसत नव्हतं, नुसती चकाकी. साडेचार फूट म्हणजे आटत नाही, दोघांना आणि दोन आंब्यांना पुरेल. आदल्या दिवशी प्लंबरकडून जंतू मारायची टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून घेतली होती, डब्यावर लिहिलेल्या मापाने.

आजी फाटकातून आल्या, हातात स्टीलचा पेला. म्हणाल्या, "काढ की, पोरी. कदी पिलीस तरी का?" मी नव्या पोहऱ्याने पाणी काढलं, पेला भरला. त्यांनी मला द्यायच्या आधी स्वतःच एक घोट घेतला. तोंडात फिरवला. कपाळाला आठी.

"दवा टाकलास?"

मी हो म्हटलं.

"ह्ये तं नलाचं पानी झालं," त्या म्हणाल्या, आणि उरलेला पेला केळीच्या पोरांच्या बुडाशी ओतला.